विहिरीच्या भिंतीपासून खडकचक्रापर्यंत : सोलापूरच्या मुलांना पृथ्वीचा इतिहास कसा शिकवावा

सोलापूर जिल्ह्यात जवळजवळ कुठेही विहीर खणली तरी वरून खाली जाताना साधारण एकच क्रम भेटतो. आधी काळी माती लागते, माळरानावर वीतभर आणि नदीकाठी कितीतरी खोल. तिच्याखाली पिवळट-करडा मुरूम, मुरमाखाली छिद्रांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा आणि पहारीने फुटणारा मांजऱ्या खडक, आणि त्याच्याही खाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. काही विहिरींत आणखी खोल गेल्यावर तांबड्या मातीचा एक पट्टा लागतो आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण सुरू होतो. विहीर खणणाऱ्या माणसांना हे थर तोंडपाठ असतात, कारण पाणी कोणत्या थरात लागेल हे त्यावरच ठरते. त्याच गावातल्या सातवीच्या मुलाला खडकांचे प्रकार विचारले तर अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित ही तीन नावे तो अचूक सांगतो. परंतु घरामागच्या विहिरीत यांपैकी कोणता खडक आहे, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

शाळेच्या भूगोलात सहावी ते आठवीच्या दरम्यान हा विषय तुकड्या-तुकड्यांनी येतो. एका ठिकाणी खडकांचे प्रकार, दुसऱ्या ठिकाणी पृथ्वीचे अंतरंग, आणखी कुठेतरी पृथ्वीची उत्पत्ती आणि तिचे वय. या धड्यांचा एकमेकांशी संबंध आहे असे मुलांना जाणवत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. पृथ्वीचा इतिहास नोंदवला जातो तो खडकचक्रामुळे, आणि तो पुसलाही जातो तो खडकचक्रामुळेच. नवा खडक तयार होतो तेव्हा त्या काळाची खूण त्यात राहते. तोच खडक पुढे झिजतो, दबतो किंवा वितळतो तेव्हा ती खूण नाहीशी होते. म्हणून हे दोन विषय एकत्र शिकवावेत आणि त्यांची सुरुवात मुलाच्या पायाखालच्या दगडापासून करावी, असे मला मनापासून वाटते. सोलापुरात त्यासाठी दूरची सहल काढण्याची गरज पडत नाही.

विहिरीत काय दिसते

सोलापूर दख्खनच्या पठारावर वसलेले आहे आणि हे पठार लाव्ह्याच्या थरांनी बनलेले आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअस तापमानाचा लाव्हा बाहेर आला, सखल भागांत पसरला, थिजला, आणि काही काळाने त्याच्यावर दुसरा लोट येऊन पसरला. असे लोटावर लोट साचत गेले. झिजून उरलेल्या या खडकाने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे. सह्याद्रीच्या काही भागांत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. त्या काळी भारतीय भूखंड आशियाला जोडलेला नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे त्या परिसरावरून उत्तरेकडे सरकत होता, आणि त्या ठिकाणी प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातून, वर येणाऱ्या अतितप्त खडकामुळे हा उद्रेक झाला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

येथे एक गैरसमज लगेच दूर करावा लागतो. भूकवचाच्या खाली सगळीकडे लाव्हाच भरलेला आहे, अशी बहुतेक मुलांची समजूत असते. प्रत्यक्षात प्रावरण घन खडकाचे आहे, फक्त तो खडक इतका तप्त आहे की लाखो वर्षांच्या अवधीत अतिशय संथपणे सरकतो. असा तप्त खडक वर सरकू लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की त्याचा वितळण्याचा बिंदू खाली येतो. आणि मग त्याचा थोडासा भाग वितळून शिलारस तयार होतो. सोलापूरचा काळा पाषाण ज्या शिलारसापासून बनला तो मुख्यतः दाब घटल्यामुळे तयार झाला होता, ही गोष्ट मुलांना नवी आणि विचार करायला लावणारी वाटते.

ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा आणि माथ्यावर तोंड असलेला डोंगर मुलांच्या डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे 'मग आपला ज्वालामुखी कुठे आहे?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर असे की भेगांमधून पसरलेल्या लाव्ह्याला असा डोंगर असावा लागत नाही. कोणी लोणारचे नाव घेतले तर त्याच वेळी स्पष्ट करावे की बुलढाणा जिल्ह्यातील ते सरोवर उल्कापाताने तयार झालेल्या विवरात आहे. ते विवर बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातच, असले तरी ज्वालामुखीचे मुख नाही.

आता विहिरीचे थर पुन्हा पाहावेत. लाव्ह्याचा लोट थिजत असताना त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात आणि बरेचसे लोटाच्या वरच्या भागात अडकून राहतात. म्हणून लोटाचा वरचा भाग साधारणपणे छिद्रांचा होतो, तोच मांजऱ्या. आणि मधला भाग सावकाश, सलगपणे थिजतो, तो घट्ट पाषाण. पुढे लक्षावधी वर्षे खडकातून पाणी झिरपत राहिले, त्या पाण्यातली खनिजे पोकळ्यांमध्ये साचली आणि झिओलाइट, कॅल्साइट व गारगोटीचे स्फटिक तयार झाले. मांजऱ्यात दिसणारे पांढरे ठिपके ते हेच. मुलांना येथे एक प्रश्न विचारावा : खडक आधीचा की त्यातला पांढरा स्फटिक आधीचा? थोडा विचार केल्यावर पोकळी असल्याशिवाय ती भरणार कशी, हे त्यांचे त्यांनाच सुचते. एकही आकडा न सांगता त्यांनी घटनांचा क्रम लावलेला असतो, आणि भूविज्ञानातील इतिहासलेखनाची सुरुवात अशीच होते.

तांबडा पट्टा तर याहून बोलका आहे. एक लोट थिजल्यावर बराच काळ दुसरा लोट आला नाही, तर त्या खडकाचा पृष्ठभाग ऊन-पावसाने कुजून त्याची माती होते. नंतर नवा लोट त्या मातीवर पसरला की ती गाडली जाते आणि वरच्या उष्णतेने भाजून निघते. म्हणजे दोन पाषाणांच्या मधला तो तांबडा थर मधल्या शांत काळाचा पुरावा असतो. उद्रेक सलग झाले नाहीत, मध्ये थांबे होते आणि त्या थांब्यांत जमिनीवर माती बनण्याइतका वेळ मिळाला होता, एवढे सारे त्या पट्ट्यावरून सांगता येते.

अर्थात विहिरीच्या काठावर वर्ग घेऊन जाताना मालकाची परवानगी, पक्का कठडा आणि पुरेशी मोठी माणसे सोबत असायलाच हवीत. हे शक्य नसेल तर विहिरीची छायाचित्रे वापरावीत. सोलापूरहून तुळजापूरला जाताना बालाघाटाच्या कडेवर चढणाऱ्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडींमध्येही लाव्ह्याचे थर दिसतात. दूरवरून त्या डोंगरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात त्याचे कारणही हेच आहे : घट्ट थर उभे राहतात आणि मऊ थर झिजून मागे सरतात.

काळी माती आणि भीमेचा गाळ

खडकचक्राच्या आकृतीत विदारणाचा, म्हणजे खडक कुजण्याचा, बाण एका क्षणात काढून होतो, पण सोलापूरच्या शेतीचा पाया त्या एका बाणात आहे. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी बेसॉल्टच्या भेगांतून आत शिरते आणि त्यातील फेल्डस्पार व पायरॉक्सिन या खनिजांवर रासायनिक क्रिया करते. त्यांचे हळूहळू चिकणमातीच्या खनिजांत रूपांतर होते. मुरूम ही या प्रवासातली मधली अवस्था आहे. तो पूर्ण खडकही राहिलेला नसतो आणि पूर्ण मातीही झालेला नसतो. मुरमाच्या खाणीत गोलसर धोंडे दिसतात आणि त्यांच्या अंगावरून पापुद्रे सुटत असतात. चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यांवर विदारण सर्व बाजूंनी होते, म्हणून कोपरे आधी जातात आणि मधला घट्ट भाग गोल होऊन शिल्लक राहतो. हे धोंडे नदीने वाहून आणून गोल केलेले नाहीत, हे मुद्दाम सांगावे लागते.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. म्हणून पावसाळ्यात ही माती पाय रुतवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही ओल दीर्घकाळ धरून ठेवण्याच्या गुणामुळेच मंगळवेढ्याच्या शिवारात रब्बीची ज्वारी पाऊस संपल्यानंतरही उभी राहते. याच मातीत पांढरे चुनखडीचे खडे सापडतात. बेसॉल्टमधील कॅल्शियम पाण्यात उतरले, मातीत खाली झिरपले आणि पाणी उडून गेल्यावर पुन्हा घट्ट झाले, त्याचे हे खडे झाले.

विदारण म्हणजे खडक जागच्या जागी कुजणे, आणि झीज म्हणजे ते कण तिथून वाहून जाणे, हा भेद सीना आणि भीमा या नद्यांच्या आधाराने चांगला कळतो. भीमा भीमाशंकरजवळ उगम पावते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणून ओळखली जाते, दक्षिण सोलापूर तालुक्यात कुडलजवळ तिला सीना मिळते, पुढे कर्नाटकात जाऊन ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. या पाण्याबरोबर सोलापूरच्या शेतातली मातीही निघालेली असते. तिचा काही भाग वाटेत धरणांच्या जलाशयांत अडतो, काही नदीकाठच्या मळईत राहतो, आणि उरलेला समुद्राच्या तळाशी जाऊन बसतो. तिथे थरावर थर साचतात, खालच्या थरांतले पाणी वरच्या भाराने पिळले जाते, कणांच्या मधल्या जागांत खनिजे साचून कण एकमेकांना चिकटतात, आणि फार मोठ्या काळानंतर त्याचा स्तरित खडक होतो. काचेच्या बरणीत शेतातली माती, वाळू आणि बारीक खडे पाण्यात ढवळून ठेवण्याचा प्रयोग बहुतेक शिक्षकांना माहीत आहे. त्यात एवढीच भर घालावी की बरणीत दिसतो तो फक्त गाळ असतो, त्याचा खडक होण्यासाठी भार, पाणी आणि काळ हवा.

घरातले तीन कुळांचे दगड

सोलापूरच्या जमिनीत जवळजवळ सर्वत्र एकच खडक असला, तरी सोलापूरच्या घरांत तिन्ही कुळांचे दगड असतात. हे मला या विषयाचे मोठे भाग्य वाटते. पाटा-वरवंटा, जुने जाते, जुन्या वाड्यांचे चिरे आणि भुईकोट किल्ल्याच्या तटातले काळे दगड बेसॉल्टचे असतात. घरातली फरशी शहाबादी असते. ती कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या परिसरातून येते आणि ती चुनखडकाची आहे. या खडकांच्या समूहाला भूविज्ञानात भीमा समूह असेच म्हणतात, कारण ते भीमेच्या खोऱ्यात उघडे पडलेले आहेत. एका उथळ समुद्रात हा चुना साचला तो पन्नास-पंचावन्न कोटी वर्षांहूनही आधी, म्हणजे सोलापूरचा लाव्हा बाहेर पडण्याच्या कितीतरी पूर्वी. शहाबादीचे तुकडे सपाट निघतात, कारण ते साचण्याच्या थरांवरच सुटतात. स्वयंपाकघरातला कडप्पाही गाळाचाच, चुनखडकाचा दगड आहे. देवघरातला संगमरवर मात्र रूपांतरित खडक आहे, आणि जुन्या पाटीचा दगडही रूपांतरितच. चिखलापासून झालेला शेल दाबाखाली आणि उष्णतेत बदलला की पाटीचा दगड होतो. काही देवघरांत शाळिग्राम असतो. नेपाळातील काली गंडकीच्या खोऱ्यात मिळणाऱ्या शाळिग्रामात अमोनाइट या सागरी प्राण्याच्या कवचाची खूण असते, आणि हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे समुद्र होता याची ती साक्ष आहे. हे सांगताना घरच्या श्रद्धेला धक्का लावण्याचे काहीच कारण नाही. उलट पूजेतली वस्तू किती प्राचीन आहे हे कळल्यावर मुलांच्या घरचे लोकही त्याविषयी आस्थेने विचारतात.

शहाबादी आणि संगमरवर यांची जोडी शिक्षकाने आवर्जून हाताळावी. दोन्हींच्या टाकाऊ तुकड्यांवर थोडे खरवडून लिंबाचा रस टाकला की बारीक बुडबुडे येतात, कारण दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच आहेत. बेसॉल्टवर तसे होत नाही. क्वचित झालेच तर त्याच्या पोकळीत कॅल्साइट आहे असे समजावे. मग भिंगातून पाहावे. शहाबादीत कण दिसतच नाहीत इतके बारीक असतात, तर संगमरवराच्या ताज्या फुटीवर एकमेकांत घट्ट अडकलेले चमकदार स्फटिक दिसतात. पदार्थ तोच, पण खोलवर गाडला गेल्यावर उष्णतेने आणि दाबाने त्याचे स्फटिक नव्याने वाढले. शहाबादच्या चुनखडकाचाच राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर झाला असा अर्थ मुलांनी काढू नये. दोन्ही ठिकाणांचा इतिहास वेगळा आहे, साम्य आहे ते प्रक्रियेचे.

रूपांतरणात खडक वितळत नाही, ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा चुकीची शिकवली जाते. मेणाचे रंगीत तुकडे दाबून आणि मग तापवून खडकचक्र दाखवण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिच्यात मेण इतक्या सहज पाघळते की रूपांतर आणि वितळणे यांतला फरकच मुलांच्या मनातून निघून जातो. खडक घन अवस्थेत राहून बदलला तर रूपांतरित. वितळून पुन्हा थिजला तर अग्निजन्य. विहिरीतल्या तांबड्या पट्ट्याचे भाजणे हे उष्णतेने घन अवस्थेतच होणाऱ्या बदलाचे अगदी जवळचे उदाहरण आहे, मग मेण कशाला हवे?

ग्रॅनाइटसाठी ओट्याचा गुलाबी किंवा करडा तुकडा घ्यावा. त्यात गुलाबी, पांढरे आणि काळे कण नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे दिसतात, कारण तो जमिनीखाली खोल आणि अतिशय सावकाश थिजला. पाषाणाचे कण भिंगाशिवाय दिसत नाहीत, कारण लाव्हा वर येऊन लवकर थिजला. बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून मिळणारा दगड मात्र भूविज्ञानाच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइट नसतो, म्हणून तो या तुलनेसाठी टाळावा.

हे चक्र गोल नाही

आकृतीतले बाण एकाच दिशेने फिरतात असे मुले गृहीत धरतात : अग्निजन्यानंतर स्तरित, त्यानंतर रूपांतरित, आणि मग वितळून पुन्हा अग्निजन्य. खडकांना असा ठरलेला क्रम नसतो. सोलापूरचा बेसॉल्ट कुजून माती होत आहे. तोच बेसॉल्ट दुसऱ्या एखाद्या ठिकाणी खोल गाडला गेला असता तर कधीही माती न होता थेट रूपांतरित खडक झाला असता. संगमरवराचा डोंगर उघडा पडला की तो वितळण्याची वाट न पाहता पावसात झिजू लागतो. शहाबादचा चुनखडक कोट्यवधी वर्षांनंतरही अजून चुनखडकच आहे. त्याच्यावर पुढची पायरी येईलच असे नाही. म्हणून खडकचक्र हे मार्गांचे जाळे म्हणून काढावे, आणि प्रत्येक मार्गावर कोणती प्रक्रिया लागते व ती कुठे घडते हे लिहावे. शिलारस होण्यासाठी दाब घटणे, पाण्याचा शिरकाव किंवा मोठी उष्णता. रूपांतरासाठी खोली किंवा शेजारी तप्त शिलारस. गाळासाठी उघडे पडणे, वाहणे आणि साचायला सखल जागा. जागा बदलल्याशिवाय खडकाचे भवितव्य बदलत नाही, आणि ही जागा बदलण्याचे काम भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांच्या, हालचाली करतात.

मुंबई ते सोलापूर : ४५५ किलोमीटर, ४५५ कोटी वर्षे

थरांवरून क्रम कळतो. न उलटलेल्या थरांत खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे तत्त्व निकोलस स्टेनो यांनी १६६९ साली मांडले. वर्षांचा हिशोब मात्र विसाव्या शतकात किरणोत्सारी मूलद्रव्यांमुळे जमू लागला. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा त्यातला आर्गॉन वायू निघून जातो. तो थिजल्यावर त्यातल्या पोटॅशियमच्या किरणोत्सारी प्रकारापासून पुन्हा आर्गॉन तयार होऊ लागतो आणि खडकातच अडकून राहतो. या पोटॅशियमपैकी निम्मे संपायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात, हा वेग ठाऊक असल्यामुळे किती आर्गॉन साचला यावरून तो खडक कधी थिजला हे काढता येते. गाळाच्या खडकाबाबत असे थेट करता येत नाही, कारण त्याचे कण त्या खडकाहून जुने असतात. शेतातल्या मातीचे वय विचारले तर कोणते वय विचारले आहे, मूळ लाव्ह्याचे की माती होण्याचे, हे आधी ठरवावे लागते. पृथ्वीचे वय क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली उल्कांमधील शिशाच्या समस्थानिकांवरून सुमारे ४५५ कोटी वर्षे असे काढले, आणि आजचा आकडा त्याच्या अगदी जवळ आहे.

एवढा मोठा आकडा मुलांच्या मनात उतरत नाही, आणि तो उतरवण्यासाठी सोलापूरला एक आयते साधन मिळाले आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सोलापूर स्थानकापर्यंत लोहमार्गाचे अंतर ४५५ किलोमीटर आहे. एक किलोमीटर म्हणजे एक कोटी वर्षे धरावीत. गाडी मुंबईहून सुटली तेव्हा पृथ्वी जन्मली आणि सोलापूरच्या फलाटावर थांबली तो आजचा दिवस. कुर्ल्याच्या आसपास, सुमारे पंधरा किलोमीटरवर, आज सापडणारे झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे सर्वांत जुने कण तयार होतात. ते ऑस्ट्रेलियात मिळाले आहेत. कॅनडातील सुमारे ४०३ कोटी वर्षांचा अकास्टा नाइस, जो सर्वांत जुन्या ज्ञात खडकांमध्ये गणला जातो, तो कल्याणला येतो. कर्जत सोडून गाडी घाट चढू लागते तिथे सूक्ष्मजीवांनी रचलेल्या थरांचे सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म. पुणे मागे टाकून गाडी उरुळीकडे निघाली की हवेत प्राणवायू साठू लागतो. दौंड जाते, कुर्डुवाडी जाते आणि तरीही डोळ्यांना दिसतील असे विविध प्राणी समुद्रात बहरलेले नसतात. ते माढा आणि मोहोळ यांच्या दरम्यान घडते. मोहोळ ओलांडल्यावर चंद्रपूरच्या दगडी कोळशाची जंगले दलदलीत गाडली जातात, आणि त्यापुढे काही किलोमीटरवर पहिले डायनोसॉर दिसतात. सोलापूर साडेसहा किलोमीटरवर राहिले असताना, म्हणजे बाळ्याच्या परिसरात, सोलापूरचा काळा पाषाण ओतला जातो. आपण ज्याला अतिप्राचीन समजतो तो खडक पृथ्वीच्या हिशोबात इतका अलीकडचा आहे.

आपल्या मानवजातीची सुमारे तीन लाख वर्षे शेवटच्या तीस मीटरांत येतात, म्हणजे गाडीच्या एका डब्याहून थोडी अधिक लांबी. कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे; त्याच्यापासून आजपर्यंतचे अंतर फक्त दहा सेंटीमीटर. मुलांनी हे दहा सेंटीमीटर पट्टीवर मोजून पाहावेत आणि मग बाळ्याच्या दिशेने बोट दाखवावे. त्या शिलालेखाची अक्षरे हजार वर्षांनंतरही वाचता येतात, यावरून काळ्या पाषाणाची झीज किती मंद आहे आणि त्याची माती होण्यासाठी किती काळ लागला असेल, याचा अंदाज त्यांना करता येतो.

आता चौकस मुले विचारतील की गाडी कल्याणला पोहोचेपर्यंतचे खडक कुठे गेले. इथे खडकचक्र परत येते. सुरुवातीचे जवळजवळ सर्व खडक झिजले, दबले, वितळले आणि दुसऱ्या खडकांत मिसळून गेले. महासागरांच्या तळाचा बहुतेक खडक तर अठरा-वीस कोटी वर्षांहून जुना सापडत नाही, कारण तो भूपट्टांच्या कडेला पुन्हा प्रावरणात जातो.

असा पुसलेला इतिहास शोधायला आपल्याला महासागरापर्यंत जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीला भूकंप झाला आणि सोलापूर जिल्ह्यातही तो जाणवला. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो आठवतो. त्यानंतर भूवैज्ञानिकांनी किल्लारीला सहाशे मीटरहून खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, मग काही मीटर जाडीचा गाळाचा थर, आणि त्याखाली अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा रूपांतरित नाइस खडक. म्हणजे त्या काही मीटरांच्या वर लोहमार्गावरचे बाळे आहे आणि खाली नुकतेच सोडलेले पुणे. मधल्या दौंड, कुर्डुवाडी आणि मोहोळ यांची तिथे जवळजवळ काहीच नोंद उरलेली नाही. त्या प्रदीर्घ काळात ती जमीन उघडी होती, झिजत होती, किंवा तिच्यावर साचलेले पुढे वाहून गेले. १७८८ साली जेम्स हटन यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंट येथे उभ्या झालेल्या जुन्या थरांवर साचलेले नवे थर पाहिले आणि त्यांच्या सांध्यात किती काळ हरवला असेल याचा विचार मांडला. किल्लारीचा सांधा त्याच जातीचा आहे, आणि लाव्ह्याखाली तो सोलापूरच्या बाजूलाही असणार.

'सोलापुरात डायनोसॉरची हाडे सापडतील का?' या आवडत्या प्रश्नाचे उत्तरही यातूनच मिळते. थिजलेल्या लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत, ती गाळात टिकतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे लाव्ह्याच्या खालचा गाळाचा थर उघडा पडला आहे, म्हणून तिथे डायनोसॉरचे अवशेष मिळाले. सोलापुरात तसा थर असलाच तर तो जाड पाषाणाखाली आहे.

परीक्षेत आकृती काढून बाणांना नावे देण्याऐवजी मुलाच्या हातात मुरमाचा एक तुकडा द्यावा आणि दोन प्रश्न विचारावेत : याचे आतापर्यंत काय काय झाले असेल, आणि यापुढे काय होऊ शकेल? पहिल्या प्रश्नाला प्रावरण, शिलारस, लाव्हा, पाषाण, विदारण हा क्रम आणि त्याची साधारण वर्षे अपेक्षित आहेत. दुसऱ्याला एकच उत्तर नाही. कोणी लिहील की त्याची माती होईल, ती भीमेतून समुद्रात जाईल आणि तिचा शेल होईल. कोणी लिहील की तो नव्या गाळाखाली गाडला जाऊन फार खोल गेला तर रूपांतरित होईल. प्रक्रिया आणि जागा बरोबर सांगितली असेल तर दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावेत. आणि एखाद्या मुलीने लिहिले की या मुरमाचा गावच्या रस्त्यात भराव होईल, तर तिलाही पूर्ण गुण द्यावेत, कारण सोलापूरच्या आजच्या मुरमाच्या बाबतीत ते सर्वांत संभवनीय उत्तर आहे. आणि मग रस्त्यातल्या त्या मुरमाचे पुढच्या पावसाळ्यात काय होते, हे तिलाच पाहून लिहायला सांगावे.